राखणीच्या कुत्र्याचे आवार व त्याची जमीन

भोर शहराच्या निकट, नीरेच्या खोऱ्यात वसलेले उत्रोली हे भाताचे गाव. मृगाच्या सरी सुरू झाल्या की खाचरे भरतात, बांध निथळू लागतात आणि घराभोवतीच्या परसाची माती पायाला चिकटू लागते. गुरांसाठी गोठा असतो, कोंबड्यांसाठी खुराडे असते. परंतु घराची, खळ्याची व शेळ्यामेंढ्यांची राखण करणाऱ्या कुत्र्याला बहुधा स्वतःची अशी जागा नसते. परसाच्या एखाद्या कोपऱ्यात, वळचणीखाली अथवा झाडाच्या खोडाला त्याला बांधले जाते, आणि आषाढ निम्मा सरेपर्यंत तो कोपरा चिखल, मूत्र व विष्ठा यांचा लगदा होऊन बसतो. ज्या मुलखात खंडोबाच्या घोड्याबरोबर त्याच्या कुत्र्यालाही मान आहे, त्या मुलखात राखणदाराची अशी आबाळ व्हावी हे शोभत नाही.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरी भागात कुत्र्याला रात्री उघड्यावर बांधणे म्हणजे बिबट्याला आयते भक्ष्य पुरविणे होय. म्हणून घरालगत जाळीचे आवार करून त्यात कुत्रा ठेवण्याकडे शेतकऱ्यांचा कल असणे साहजिक आहे. जाळी, खांब व दार यांवर खर्च होतो, सुतार-लोहाराचा सल्ला घेतला जातो. मात्र कुत्रा ज्या जमिनीवर दिवसरात्र उभा राहणार, निजणार व मलमूत्र विसर्जन करणार, तिचा विचार सहसा होत नाही. वास्तविक आवार चांगले की वाईट हे जाळीपेक्षा जमिनीवरच अधिक अवलंबून असते. कुत्रा मोकळा असतो तेव्हा तो आपली विष्ठा दूर टाकून येतो. आवारात कोंडल्यावर त्याला ती सोय राहत नाही. खाणे, निजणे व शौच एकाच दहा-पंधरा फुटांत घडते.

जमिनीतून होणारा उपद्रव

कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या कृमींपैकी दोन प्रकार ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. पहिला अंकुशकृमी. याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. जमीन उबदार, ओलसर व सावलीची असेल तर एकदोन दिवसांत अंडी फुटून अळ्या बाहेर येतात व साधारणपणे आठवड्याच्या आत त्या रोग निर्माण करण्यास समर्थ होतात. या अळ्या तोंडावाटे तर पोटात जातातच, शिवाय पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात. व्यालेल्या कुत्रीच्या दुधातूनही त्या पिलांत उतरतात. अंकुशकृमी आतड्याला डसून रक्त पितो. त्यामुळे पिलाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, विष्ठा डांबरासारखी काळी होते आणि कालपर्यंत खेळणारे पिलू दोनचार दिवसांत मरते. अशा वेळी 'दृष्ट लागली' अथवा 'थंडी बाधली' असे म्हटले जाते; कारण मात्र पायाखालच्या मातीत असते.

दुसरा गोलकृमी, ज्यास सामान्यतः जंत म्हणतात. याची अंडी ताज्या विष्ठेत निरुपद्रवी असतात. त्यांना रोगकारक होण्यास किमान दोनतीन आठवडे लागतात. परंतु एकदा ती मातीत मिसळली की वर्षानुवर्षे जिवंत राहतात. चुना, फिनाईल अशा नेहमीच्या द्रव्यांना ती दाद देत नाहीत. उकळते पाणी किंवा आग यांनीच ती मरतात. परसात खेळणाऱ्या लहान मुलाच्या मातीने भरलेल्या बोटांवाटे ही अंडी पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जाऊन बसतात. डोळ्यात गेलेल्या अळीमुळे दृष्टी कायमची अधू होऊ शकते. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अळ्याही माणसाच्या अनवाणी पायात शिरतात व कातडीखाली नागमोडी, खाजणारी रेघ उमटवीत फिरतात. म्हणजे आवाराच्या जमिनीचा प्रश्न कुत्र्यापुरता नाही, तो घरातील मुलांचाही आहे.

चिखलाचा आणखी एक धोका भातशेतीच्या गावास माहीत असावयास हवा. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग साचलेल्या पाण्यात व ओल्या मातीत टिकून राहतो. तो कुत्र्यास होतो, गुरांस होतो व माणसासही होतो. उरलेली भाकरी व भात आवारात पडून राहिला की उंदीर येतात, आणि उंदरांमागून साप येतात.

या सर्व शत्रूंना एक गोष्ट मानवत नाही. कोरडेपणा व ऊन यांत अंकुशकृमीच्या अळ्या टिकत नाहीत, पिसवांच्या अळ्या सुकून जातात, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मरतात. गोलकृमीची अंडी तेवढी याला अपवाद. त्यांच्यावर विष्ठा वेळेवर उचलणे हाच उपाय. म्हणून जमीन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : पाणी किती लवकर निघून जाते, ऊन पोहोचते की नाही, आणि विष्ठा संपूर्ण उचलता येते की नाही. दिसावयास जमीन कशी आहे, हा विचार यानंतरचा.

कोणती जमीन कशी

हरळीची हिरवळ डोळ्यांना सुखावते व पायांना मऊ असते. तथापि लहान आवारात ती टिकत नाही. कुत्र्याच्या मूत्रातील नत्रामुळे जागोजागी गवत जळते, आणि कुंपणाच्या कडेने कुत्रा रोज येरझारा घालतो तेथे महिन्याभरात उघडी पायवाट पडते. पावसाळ्यात गवताच्या मुळाशी ओल राहते, विष्ठा गवतात मिसळते व गोचिडांना आसरा मिळतो. अर्धा-एक गुंठा मोकळी, उन्हाची जागा असेल आणि कुत्रा तेथे दिवसातून काही काळच सोडावयाचा असेल तरच हरळी ठेवावी, व ती आखूड कापलेली असावी.

शेणाने सारवलेली भुई पडवीत उत्तम. कुत्र्याच्या आवारात मात्र ती निरुपयोगी ठरते. मूत्राने सारवण मऊ होते, कुत्रा नखांनी ती उकरतो व फुटलेल्या पोपड्यांत घाण मुरते. पुन्हा सारवले म्हणजे ती घाण खालीच झाकली जाते.

वाळूविषयी एक गैरसमज आढळतो. वाळूतून पाणी झटकन निथळते, म्हणून ती स्वच्छ समजली जाते. पण सावलीतील दमट वाळू ही अंकुशकृमीच्या अळ्यांना इतर कोणत्याही जमिनीपेक्षा अधिक मानवते. तिच्या कणांतून त्या सहज वरखाली सरकतात. शिवाय वाळूवर सांडलेले अन्न खाताना कुत्र्याच्या पोटात वाळू जाते व आतड्यात साचून अडथळा होऊ शकतो. मोकळ्या वाळूत विष्ठा करण्यासाठी गावातील मांजरेही येतात, ती गोष्ट निराळीच. तेव्हा वाळू फार तर फरशीखालच्या थरात वापरावी.

नदीतील सुपारीएवढे गुळगुळीत गोटे हे पाणी निघून जाण्याच्या दृष्टीने चांगले. पावसाच्या सरीने ते धुतले जातात व चिखल होत नाही. परंतु ओली विष्ठा गोट्यांच्या फटींत शिरते व ती उचलणे जिकिरीचे होते. पिले व दगड चघळण्याची खोड असलेले कुत्रे गोटे गिळतात. गिळलेला गोटा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. रस्त्याच्या कामाची फोडलेली, धारदार खडी तर मुळीच पसरू नये. तिने पायाच्या गाद्या फाटतात.

सिमेंटचा कोबा धुण्यास सर्वांत सोपा. त्यात अंडी मुरत नाहीत, उकळते पाणी ओतून तो निर्जंतुक करता येतो. दोष दोन आहेत. चैत्र-वैशाखात उघड्यावरचा कोबा इतका तापतो की कुत्र्याचे पाय भाजतात. कुत्र्याला घाम मुख्यत्वे पायांच्या गाद्यांतूनच येतो, त्यामुळे त्याचे शरीर अशा जमिनीवर थंड राहणे कठीण जाते. दुसरे असे की कायम कठीण जमिनीवर निजल्याने कोपरांवर घट्टे पडून चिघळतात. कारवानी जातीच्या सडपातळ, पातळ कातडीच्या कुत्र्यांना हा त्रास लवकर होतो. शहाबादी फरशीचे गुण-दोष असेच. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते व कुत्रा घसरतो. फरशीचे सांधे नीट भरले नाहीत तर तेथे गोचिडीची मादी शिरून हजारो अंडी घालते, हेही लक्षात ठेवावे. विटांची जमीन स्वस्त वाटते, पण वीट मूत्र शोषून घेते व दुर्गंधी हटत नाही.

भाताचा तूस व पेंढा या भागात मुबलक. म्हणून तोच आवारात पसरावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात तूस भिजून त्याला बुरशी येते, त्याची कुसळे डोळ्यांत जातात आणि पेंढ्यात पिसवा वाढतात. कोरड्या दिवसांत, छपराखाली, अंथरूण म्हणून तो वापरण्यास हरकत नाही. जमीन म्हणून नव्हे. भुईमुगाची टरफले मात्र अंथरुणालाही वर्ज्य करावीत. दमट टरफलांवर वाढणाऱ्या बुरशीचे विष कुत्र्याच्या यकृतास घातक असते.

राहिला मुरूम. भोरच्या डोंगरउतारांवर मातीच्या थराखाली सापडणारा घट्ट मुरूम हाच येथील आवारांना सर्वांत अनुरूप आहे. नीट चोपलेला मुरूम चिखल होत नाही, पाणी त्याच्यावरून वाहून जाते, कुत्र्याला तो सहजी उकरता येत नाही, उन्हात कोब्याइतका तापत नाही आणि विष्ठा त्यावरून फावड्याने साफ उचलता येते. याहून मोठा गुण असा की त्याचा वरचा थर वर्षातून एकदा खरवडून टाकून नवा घालता येतो. मातीत मुरलेली गोलकृमीची अंडी कोणत्याही औषधाने जात नाहीत. ती मातीसकट उचलून नेता येणे हे मुरमालाच साधते. मुरूम पारखताना मूठभर घेऊन भिजवावा व मुठीत दाबावा. हाताला लोण्यासारखा चिकटून बसला तर त्यात मातीचा अंश जास्त आहे असे समजून तो घेऊ नये. मुरूम, वाळू व दगड ही गौण खनिजे आहेत. ती खणून आणण्यापूर्वी परवानगीविषयी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

आवार कसे तयार करावे

प्रथम जागेची परीक्षा घ्यावी. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे व पुन्हा भरावा. दुसरे पाणी तासाभरात जिरले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तेथे आवार करू नये, किंवा भराव घालून जागा उंच करावी. ही परीक्षा वैशाखात करून समाधान मानू नये. श्रावणात तोच खड्डा निराळे उत्तर देतो. खाचराच्या बांधालगत, गोठ्याच्या मूत्राच्या नाल्याजवळ अथवा उकिरड्याच्या उतारावर आवार नसावे. विहिरीपासून ते किमान ५० फूट दूर असावे. सकाळचे ऊन आवारात यावे व दुपारी एका बाजूस सावली राहावी, अशा बेताने दिशा ठरवावी.

आवाराचे दोन भाग करणे इष्ट होय. रात्रीचा भाग लहान, पक्क्या छपराचा, चारही बाजूंनी व वरूनही जाळीने बंद, आणि जोत्यावर घातलेल्या कोब्याचा असावा. जोते जमिनीपासून एक फूट उंच पुरे. कोबा घोटून गुळगुळीत न करता, ओला असतानाच झाडूने त्यावर रेघा ओढाव्यात, म्हणजे कुत्रा घसरत नाही. छपरामुळे हा कोबा तापत नाही व पावसाने भिजतही नाही; त्याचे दोन्ही दोष येथे आपोआप टळतात. निजण्यासाठी चार इंच उंच फळ्यांची चौकी ठेवावी, म्हणजे कोपरांना घट्टे पडत नाहीत. घरातील मोडकी बाज आखूड करूनही हे काम भागते.

दिवसाचा भाग मुरमाचा करावा. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब जागा धरल्यास वरची चार इंच माती काढून टाकावी. त्यावर सहा इंच दगडांचे सोलिंग करून फटी बारीक दगडांनी भराव्यात; यास पाऊण ब्रास दगड लागतो. त्यावर चोपून चार इंच बसेल असा मुरूम घालावा. हिशेबाने तो अर्धा ब्रास होतो, परंतु चोपल्यावर थर दबतो, म्हणून पाऊण ब्रास आणावा. मुरूम दोन थरांत पसरून प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे व धुम्मसाने चोपावे. दहा फुटांस तीन इंच असा एका बाजूस उतार द्यावा आणि उताराच्या तळाशी चर काढून पाणी शोषखड्ड्यात न्यावे. छपराची पन्हळ आवाराबाहेर सोडण्यास विसरू नये. वळचणीच्या धारेने मुरमात पहिला खळगा पडतो.

तीन ठिकाणी मुरूम टिकत नाही : दारापाशी, पाण्याच्या भांड्याभोवती आणि कुंपणाच्या कडेने. कुत्रा दारात वाट पाहतो, भांड्याशी पाणी सांडतो व कुंपणालगत फेऱ्या मारतो. या जागा सर्वांआधी खचतात. तेथे दोन फूट रुंदीची सपाट दगडांची पट्टी बसवून सांधे सिमेंटने भरावेत. हीच पट्टी कुत्र्याला जाळीखालून उकरून बाहेर पडू देत नाही. जाळी एक फूट जमिनीत पुरली तर अधिक चांगले.

आवाराच्या कडेला शोभेसाठी कण्हेर लावू नये. पांढरी, तांबडी व पिवळी, सर्व कण्हेरी विषारी आहेत. भाजीच्या वाफ्यात किंवा फळझाडांना एरंडीची पेंड खत म्हणून घातली असेल तर कुत्रा तिच्या वासाने तेथे जाऊन ती खातो, व थोडी पेंडही प्राणघातक ठरते. तणनाशक फवारलेल्या जागेवर ती पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्यास सोडू नये, कारण तो पाय चाटतो.

निगा

उत्तम जमीनही न झाडल्यास सहा महिन्यांत वाईट होते. विष्ठा रोज सकाळी उचलावी. वर सांगितल्याप्रमाणे अंकुशकृमीला काही दिवस व गोलकृमीला काही आठवडे लागतात. रोजच्या रोज उचललेल्या विष्ठेला तो अवधीच मिळत नाही. उचललेली विष्ठा उकिरड्यावर टाकू नये, भाजीपाल्याच्या किंवा चाऱ्याच्या शेतात तर मुळीच नाही. विहिरीपासून दूर, एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून थोडे अंतर ठेवून दीडदोन फूट खोल खड्डा करावा, त्यात ती टाकून दरवेळी मातीने झाकावी, व खड्डा भरत आला की वर फूटभर माती ओढून बंद करावा. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांनी कापलेल्या जनावराचे कच्चे यकृत व फुप्फुसे कुत्र्यास घालू नयेत. त्यांतील पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून आवारात पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात तशाच गाठी धरतात.

ओल दिसेल तेथे चुना टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. चुन्याने वास कमी होतो व जागा कोरडी होण्यास मदत होते, हे खरे. पण कळीचा चुना ओल्या पायांना भाजतो व कुत्रा पाय चाटतो तेव्हा तोंडही पोळते. चुना वापरावयाचाच तर तो विरवलेला असावा, कुत्रा बाहेर काढून टाकावा आणि जागा पुरती वाळल्यावर झाडून मगच कुत्र्याला आत घ्यावे. कोब्याला आठवड्यातून एकदा उकळते पाणी पुरेसे आहे. अंथरुणाचे गोणपाट दर आठवड्यास धुऊन कडक उन्हात वाळवावे, कारण पिसवांची पैदास कुत्र्याच्या अंगापेक्षा अंथरुणात अधिक होते.

जमीन चांगली केली म्हणून औषधाची गरज संपत नाही. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांची होईपर्यंत, व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे; व्यालेल्या कुत्रीलाही ते पिलांबरोबरच द्यावे. औषधाचे प्रमाण वजनानुसार असते, तेव्हा ते पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीने टोचून घ्यावी; भातपट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसच्या लसीविषयीही त्यास विचारावे. नीरेच्याच काठी शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड दुखण्यास उत्रोलीकरांना ते दूर नाही.

आवार झाले म्हणजे कुत्र्याला त्यात कायमचे कोंडावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वये, सतत साखळीत अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्याची हयगय करणे हा मालकाचा अपराध आहे. सकाळी व तिन्हीसांजेस त्याला दोरीला धरून शेतावर हिंडवून आणावे. त्यायोगे बरीचशी विष्ठाही आवाराबाहेर पडते. मात्र ती वाटेवर, पाणवठ्यावर अथवा शाळेच्या मैदानात पडणार नाही याची दक्षता फिरविणाऱ्याने घ्यावी.

वरचा थर बदलण्यास योग्य काळ दिवाळीनंतरचा. पाऊस संपलेला असतो, भात झोडून झालेले असते व हाताशी माणूस मिळते. दोन इंच मुरूम खरवडून खोल खड्ड्यात पुरावा, उघडी पडलेली जमीन आठ दिवस उन्हात तापू द्यावी, तोवर कुत्रा पडवीत बांधावा, आणि मग नवा मुरूम टाकून पुन्हा चोपावा. ज्या घरी त्या वर्षी पिलू दगावले असेल, त्या घराने नवे पिलू आणण्यापूर्वी हे काम उरकावे, आणि त्या वेळी दोनऐवजी चार इंच, म्हणजे सोलिंगापर्यंतचा सर्व मुरूम काढावा.